पहिल्या घराचे अर्थशास्त्र : बचत, कर्ज आणि अनुदान यांचा मेळ

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावरील चिताग्नी कधीच विझत नाही, अशी श्रद्धा आहे. अहोरात्र चालणाऱ्या या कामावर अनेक समाजघटकांची उपजीविका अवलंबून आहे. चिता पेटविणारे व सांभाळणारे डोम, लाकडाचे व्यापारी व हमाल, नावाडी, अंत्यविधी करणारे ब्राह्मण, फुले व चहा विकणारे लहान दुकानदार असे हे विश्व आहे. महाराष्ट्राशीही या परिसराचे जुने नाते आहे. अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले व घाटांची बांधकामे केली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका होते आणि त्यांचा जन्म याच नगरीत झाला.

घाटाच्या वरच्या अंगाला अरुंद गल्ल्यांमध्ये जुनी, दगडी, बहुमजली घरे दाटीने उभी आहेत. एकाच इमारतीत अनेक वारस व अनेक भाडेकरू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा कुटुंबाला डोक्यावर छप्पर असते, परंतु स्वतःच्या नावावरचे घर नसते. हे पहिले घर सरकारी बचत व कर्ज योजनांच्या आधारे घेता येईल काय, आणि येत नसेल तर अडचण नेमकी कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी योजनांची नावे व वर्षे लक्षात ठेवण्याबरोबरच प्रत्येक योजना कोणती अडचण दूर करते आणि कोणती करीत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

टंचाईचे खरे स्वरूप

नागरी घरांच्या टंचाईचा अंदाज घेण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये अहवाल दिला. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी शहरी भागात सुमारे १.८८ कोटी घरांची टंचाई असल्याचे या गटाने म्हटले होते. या टंचाईचा सुमारे ९६ टक्के भाग आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व अल्प उत्पन्न गट यांच्या वाट्याला येत होता. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, टंचाईपैकी सुमारे ८० टक्के हिस्सा दाटीचा होता. संपूर्ण बेघर असलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

म्हणजेच भारतातील नागरी घरटंचाई ही मुख्यतः एका खोलीत दोन-तीन पिढ्या राहण्याची समस्या आहे. मणिकर्णिकेच्या गल्ल्यांतील किंवा मुंबईच्या चाळींतील कुटुंब बेघरांच्या गणनेत येत नाही, तरीही त्याला घराची गरज असते. या कुटुंबाकडे थोडे उत्पन्न असते, थोडी बचत करण्याची क्षमताही असते. संपूर्ण घर फुकट देण्यापेक्षा त्याच्या बचतीला कर्जाची व अर्थसाहाय्याची जोड देणे हे धोरण अशा कुटुंबांसाठी अधिक उपयुक्त ठरते.

घर घेण्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टी

पहिले घर घेणाऱ्या कुटुंबाकडे चार गोष्टी असाव्या लागतात. पहिली, स्वतःचे भांडवल, म्हणजे कर्जाव्यतिरिक्त स्वतः भरावयाची रक्कम. दुसरी, कर्ज देणाऱ्या संस्थेला पटेल असा उत्पन्नाचा पुरावा. तिसरी, दरमहा झेपेल एवढाच हप्ता. चौथी, निर्वेध मालकी हक्क असलेले घर किंवा जमीन. सरकारी योजनांची या चार कसोट्यांवर विभागणी केली असता त्यांचे कार्य स्पष्ट होते. अल्पबचत योजना व भविष्य निर्वाह निधी पहिली गरज भागवितात. पतहमी निधी दुसऱ्या गरजेशी संबंधित आहे. व्याज अनुदान तिसरी गरज हलकी करते. भूमी अभिलेख व स्थावर संपदा नियमन यांचा संबंध चौथ्या गरजेशी येतो. या चारपैकी एकही गोष्ट नसेल तर उरलेल्या तीन असूनही घर मिळत नाही.

बचतीच्या योजना

डाक कार्यालयातील पाच वर्षांची आवर्ती ठेव ही सर्वांत परिचित योजना होय. दरमहा किमान १०० रुपये भरून खाते उघडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के करण्यात आला. या दराने दरमहा ३,००० रुपये भरल्यास पाच वर्षांअखेरीस सुमारे २.१४ लाख रुपये होतात. मात्र हप्ता ठरावीक असतो. हप्ता चुकल्यास दर शंभर रुपयांमागे एक रुपया आकार भरावा लागतो आणि चार हप्ते थकल्यास खाते खंडित होते.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना १९६८ च्या कायद्यानुसार सुरू झाली. तिची मुदत १५ वर्षांची असून वर्षाला किमान ५०० व कमाल १.५ लाख रुपये भरता येतात. एप्रिल २०२० मध्ये तिचा व्याजदर ७.१ टक्के झाला व पुढे अनेक तिमाह्या तो स्थिर राहिला. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षापर्यंत शिलकेवर मर्यादित कर्ज मिळते आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते.

या दोन योजनांतील फरक घाटावरील उत्पन्नाच्या संदर्भात विशेष लक्षात येतो. मणिकर्णिकेवर डोम कुटुंबांमध्ये कामाचे हक्क 'पारी' पद्धतीने, म्हणजे पाळीपाळीने वाटलेले असतात. ज्या दिवशी पारी असेल त्या दिवशी उत्पन्न, एरवी नाही, असा हा हिशेब असतो. नावाड्यांचे उत्पन्नही ऋतूवर अवलंबून असते. गंगेला पूर आला की होड्या बंद होतात. अशा कुटुंबाला मासिक हप्त्याची आवर्ती ठेव जड जाऊ शकते. वर्षातून जेव्हा पैसा हाती येईल तेव्हा भरता येणारा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी त्यांना अधिक सोयीचा असतो. मात्र त्यातील पैसा दीर्घकाळ अडकून राहतो.

संघटित क्षेत्रातील कामगारांसाठी १९५२ ची कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना आहे. घर वा भूखंड घेण्यासाठी तिच्यातून रक्कम काढण्याची तरतूद जुनी आहे. एप्रिल २०१७ मध्ये किमान दहा सदस्यांच्या गृहनिर्माण संस्थेतील कर्मचाऱ्यांना शिलकेच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम घरासाठी वापरण्याची मुभा देण्यात आली. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने रक्कम काढण्याच्या तेरा तरतुदी एकत्र करून अत्यावश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती असे तीन वर्ग करण्याचा, तसेच किमान सदस्यत्वाचा कालावधी १२ महिने ठेवण्याचा निर्णय घेतला. केंद्रीय कर्मचाऱ्यांना याशिवाय घरबांधणी अग्रिमाची सोय आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : ज्याला पगाराची पावती मिळते त्याच्यासाठी बचतीची व कर्जाची द्वारे अनेक आहेत, ज्याला ती मिळत नाही त्याच्यासाठी मोजकीच.

अल्पबचतीचा पैसा पुढे कोठे जातो, हेही परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९९९ मध्ये भारताच्या लोक लेख्यात राष्ट्रीय अल्पबचत निधी स्थापन झाला. टपाल खात्यातील ठेवी या निधीत जमा होतात व तेथून सरकारांना कर्जरूपाने मिळतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६०,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण निधीला मान्यता दिली. त्यानंतर अल्पबचत निधीतूनही नागरी घरकुलांसाठी कर्जे देण्यात आली. लहान बचतदाराचा पैसा अशा रीतीने दुसऱ्या कुटुंबाच्या घरालाही उपयोगी पडला.

एका कुटुंबाचा हिशेब

कल्पना करू की, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये आहे. वार्षिक ३.६० लाख रुपये उत्पन्न असल्याने ते अल्प उत्पन्न गटात मोडते. शहराच्या कडेला २० लाख रुपयांचे छोटे घर त्याला घ्यावयाचे आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून सात टक्के धरल्यास आणखी १.४० लाख रुपये लागतील. म्हणजे एकूण गरज २१.४० लाखांची.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. त्या हिशेबाने १८ लाख रुपये कर्ज मिळू शकेल असे वाटते. परंतु ९ टक्के दराने २० वर्षांसाठी १८ लाखांचा मासिक हप्ता सुमारे १६,२०० रुपये होतो. हा उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक आहे. हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा, म्हणजे १२,००० रुपयांपेक्षा जास्त नसावा असे धरले तर झेपणारे कर्ज केवळ १३.३४ लाख रुपये ठरते. उरलेले सुमारे ८.०६ लाख रुपये कुटुंबाने स्वतः उभे केले पाहिजेत. नियमाने दहा टक्के भांडवल पुरेसे असले तरी प्रत्यक्षात उत्पन्नाची मर्यादा त्याहून कितीतरी अधिक भांडवल मागते.

आता केवळ बचतीवर विसंबून राहिल्यास काय होते ते पाहू. वर्षाच्या आरंभी ३६,००० रुपये याप्रमाणे १५ वर्षे ७.१ टक्के दराने साठविल्यास सुमारे ९.७६ लाख रुपये जमतात. आजची तूट भरून काढण्यास ही रक्कम पुरेशी आहे. परंतु घराची किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेली तर १५ वर्षांनी २० लाखांचे घर सुमारे ४१.६ लाखांचे होईल. उत्पन्नही त्याच प्रमाणात वाढले नाही तर बचत करणारा किमतीच्या मागे धावतच राहतो. उलट बचतीविना घेतलेले मोठे कर्ज पहिल्याच आजारपणात वा मंदीत थकते. म्हणून बचतीचा काळ फार लांबू न देता मध्यम भांडवल, मध्यम कर्ज व त्यावर अनुदान असा मेळ घालणे इष्ट असते.

व्याज अनुदान : कल्पना आणि हिशेब

शहरी गरिबांच्या गृहकर्जावर व्याज अनुदान देण्याची कल्पना टप्प्याटप्प्याने विस्तारत गेली. २००८-०९ च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ५ टक्के अनुदान होते. २०१३ च्या राजीव ऋण योजनेत ही मर्यादा पाच लाखांवर गेली. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात कर्जसंलग्न अनुदान हा चार घटकांपैकी एक होता. त्यात दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के अनुदान होते. वीस वर्षांतील अनुदानाचे ९ टक्के वटाव दराने काढलेले आजचे मूल्य, कमाल सुमारे २.६७ लाख रुपये, कर्जखात्यात एकदम जमा होई. त्यामुळे सहा लाखांचे मुद्दल ३.३३ लाखांवर येऊन ९ टक्के दराचा मासिक हप्ता सुमारे ५,४०० वरून ३,००० रुपयांवर येत असे. मध्यम उत्पन्न गटासाठीचा हा घटक ३१ मार्च २०२१ रोजी आणि दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठीचा ३१ मार्च २०२२ रोजी संपला. सुमारे २५ लाख कुटुंबांना त्याचा लाभ मिळाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यास मंजुरी दिली. पाच वर्षांत एक कोटी कुटुंबांना साहाय्य करण्याचे व त्यासाठी २.३० लाख कोटी रुपयांच्या अर्थसाहाय्याचे उद्दिष्ट आहे. लाभार्थीने स्वतःच्या जमिनीवर बांधावयाचे घर, भागीदारीतील परवडणारी घरे, परवडणारी भाड्याची घरे आणि व्याज अनुदान असे याचे चार घटक आहेत. व्याज अनुदानासाठी वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के अनुदान असून ते कमाल १.८० लाख रुपयांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. देशात कोठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसणे ही मूलभूत अट आहे. घर कुटुंबप्रमुख महिलेच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, असा योजनेचा आग्रह आहे.

येथे विद्यार्थ्यांनी दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली, पैशाचे कालमूल्य. दरवर्षी ३६,००० रुपये याप्रमाणे पाच वर्षांच्या अखेरीस मिळणाऱ्या १.८० लाखांचे ८.५ टक्के दराने आजचे मूल्य सुमारे १.४२ लाख रुपये भरते. हप्त्यांनी मिळणारे अनुदान व एकदम मिळणारे अनुदान यांची तुलना वर्तमान मूल्य काढूनच करावी लागते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. व्याज अनुदान कर्ज वितरित झाल्यानंतर मिळते. ते स्वतःचे भांडवल म्हणून वापरता येत नाही. वरील उदाहरणातील ८.०६ लाखांच्या तुटीपुढे १.८० लाख ही रक्कम एकपंचमांशाहून थोडी अधिक आहे, आणि तीही घर घेतल्यानंतर हाती येते. म्हणूनच बचत आधी, कर्ज नंतर आणि अनुदान शेवटी, असा क्रम लागतो. अनुदानाच्या भरवशावर बचत न करणारे कुटुंब कर्जाच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

उत्पन्नाचा पुरावा

मणिकर्णिकेवरील चहावाल्याकडे किंवा पारीवर काम करणाऱ्याकडे पगाराची पावती नसते, आयकर विवरणपत्रही बहुधा नसते. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने त्याचे उत्पन्न जणू अस्तित्वातच नसते. ही अडचण कमी करण्यासाठी अल्प उत्पन्न गृहकर्जांकरिता २०१२ मध्ये पतहमी निधी न्यास स्थापन करण्यात आला. कर्ज थकल्यास नुकसानीचा काही भाग हा निधी उचलतो. आरंभी त्याचे भांडवल १,००० कोटी रुपये होते. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते ३,००० कोटी करण्याचे ठरले. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेचाही येथे अप्रत्यक्ष उपयोग होतो. फेरीवाल्याने पहिले छोटे कर्ज वेळेवर फेडले की पुढचे मोठे कर्ज मिळते आणि परतफेडीची नोंद तयार होते.

नियमित बचतीचेही असेच आहे. आवर्ती ठेवीचे किंवा बँक खात्याचे पाच वर्षांचे पुस्तक म्हणजे जमलेल्या रकमेचा हिशेब तर आहेच. त्याखेरीज ते त्या कुटुंबाच्या शिस्तीची लेखी साक्षही आहे. जो दरमहा तीन हजार बाजूला काढू शकला, तो हप्ताही भरू शकेल, असे अनुमान कर्जदात्याला काढता येते. याच तत्त्वावर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने १९८९ मध्ये गृहकर्ज खाते योजना सुरू केली होती. ९ जुलै १९८८ रोजी स्थापन झालेल्या या बँकेच्या योजनेत पाच वर्षे बचत केल्यानंतर बचतीच्या प्रमाणात गृहकर्ज मिळण्याची सोय होती. जर्मनीत १९२४ पासून चालत आलेल्या गृहबचत संस्थांमध्ये सदस्य ठरलेल्या रकमेचा मोठा भाग आधी साठवितो व मग ठरलेल्या कमी दराने उरलेल्या रकमेचे कर्ज घेतो. सिंगापूरने १९५५ मध्ये मध्यवर्ती भविष्य निर्वाह निधी स्थापन केला व १९६८ पासून त्यातील पैसा सरकारी सदनिका घेण्यासाठी वापरू दिला. या दोन्ही देशांत बचत व कर्ज एकाच साखळीत जोडलेली आहेत. भारतात बचतीची योजना एका खात्याकडे, कर्ज दुसऱ्या संस्थेकडे आणि अनुदान तिसऱ्या मंत्रालयाकडे असल्याने त्यांचा मेळ कुटुंबालाच घालावा लागतो.

मालकी हक्काचा प्रश्न

चौथी गरज सर्वांत कठीण आहे. लाभार्थीने स्वतः घर बांधण्याच्या घटकात साहाय्य मिळण्यासाठी जमीन त्याच्या नावावर असावी लागते. मणिकर्णिकेच्या परिसरात अनेक वारसांत विभागलेली व भाडेकरूंनी भरलेली घरे असल्याने ही अट पूर्ण होणे अवघड जाते. शिवाय वाराणसीत गंगाकाठच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे येथील कुटुंबाला पहिले घर घ्यावयाचे तर बहुधा घाटापासून दूरच जावे लागते. आणि दूर गेल्यास रात्री-बेरात्री येणाऱ्या कामाला पोहोचण्याचा खर्च वाढतो. घराच्या किमतीत हा खर्च कोणीही धरत नाही, परंतु हप्ता भरण्याच्या क्षमतेतून तो वजा होतोच.

काशी विश्वनाथ धाम प्रकल्पात या प्रश्नाला प्रत्यक्ष रूप आले. ८ मार्च २०१९ रोजी पायाभरणी व १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्‌घाटन झालेल्या या प्रकल्पाने मंदिरापासून गंगेच्या घाटांपर्यंतचा परिसर मोकळा केला. सरकारी माहितीनुसार त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता खरेदी व संपादित करण्यात आल्या आणि सुमारे १,४०० दुकानदार, भाडेकरू व घरमालक यांचे पुनर्वसन करण्यात आले. अर्थशास्त्रीय दृष्टीने या तिघांची स्थिती सारखी नसते. मालकाच्या घराला बाजारात किंमत असते. भाडेकरूकडे मात्र दीर्घकाळ अल्प भाड्यात राहण्याचा लाभ असतो. उत्तर प्रदेशात १९७२ च्या भाडे नियंत्रण कायद्याने या लाभाला संरक्षण दिले होते. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. जागा सोडताच हा लाभ संपतो आणि नवे भाडे बाजारभावाने द्यावे लागते. अशा वेळी हाती आलेली एकरकमी भरपाई दैनंदिन खर्चात विरून गेली तर कुटुंब पुन्हा भाडेकरूच राहते. तीच रक्कम भांडवल म्हणून वेगळी ठेवून तिला कर्जाची जोड मिळाली तर पहिले घर होऊ शकते. पुनर्वसनाच्या वेळीच बँक व आवास योजना यांचे मार्गदर्शन उपलब्ध असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

नागरी भूमी अभिलेख सुधारण्यासाठी केंद्र सरकारने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी १५२ नागरी स्वराज्य संस्थांमध्ये 'नक्शा' हा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला. मोजणी व नोंदी अचूक झाल्या तर तारण देण्यायोग्य मालमत्ता वाढतील. नव्या प्रकल्पांतील खरेदीदारांचे हितरक्षण २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने होते.

सोलापूरचा अनुभव

अनियमित उत्पन्न व मालकीची जमीन नसणे या दोन अडचणी एकत्र आल्या तर एकट्या कुटुंबाला मार्ग सापडत नाही. महाराष्ट्रात सोलापूरच्या विडी व यंत्रमाग कामगारांनी त्यावर सामूहिक उत्तर शोधले. विडी कामगार महिलांच्या सुमारे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते हस्तांतरित झाली. त्यानंतर कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेतून हाती घेण्यात आला. जानेवारी २०१९ मध्ये त्याची पायाभरणी झाली व १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली १५,००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली.

या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. जमिनीचा प्रश्न संस्थेने सामूहिकरीत्या सोडविल्याने प्रत्येक कामगाराला स्वतंत्रपणे मालकी हक्क सिद्ध करावा लागला नाही. तसेच भागीदारीतील घरांच्या घटकात केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपयांचे साहाय्य घराच्या किमतीतूनच वजा होते. व्याज अनुदान कर्ज मिळाल्यानंतर येते. हे साहाय्य कर्जाची गरजच कमी करते. अल्प व अनियमित उत्पन्नाच्या कुटुंबाला ते अधिक मोलाचे आहे. भारतात सहकारी गृहनिर्माणाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या गावदेवीतील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची आहे. मणिकर्णिकेच्या नावाड्यांना व डोम कुटुंबांनाही पारीची वाटणी सामूहिकपणे करण्याची सवय आहे. घरासाठी बचत गट वा सहकारी संस्था उभारण्यास ही सवय पूरक ठरू शकते.

समारोप

पहिले घर हे एका योजनेचे फळ नसते. बचत भांडवल देते व विश्वासार्हता सिद्ध करते. कर्ज भविष्यातील उत्पन्न आज वापरू देते. अनुदान हप्ता हलका करते. आणि मालकी हक्क या साऱ्यांना पाया देतो. सरकारी धोरणाने व्याजाच्या दराकडे अधिक लक्ष दिले आहे, परंतु मणिकर्णिकेसारख्या ठिकाणी अडसर व्याजदराचा नसून उत्पन्नाच्या पुराव्याचा व मालकी हक्काचा आहे. ज्यांना घर विकत घेणे झेपत नाही वा कामाच्या जागेजवळच राहणे भाग आहे, त्यांच्यासाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटकही तितकाच आवश्यक आहे. पगाराच्या पावतीभोवती रचलेल्या योजना पारीवर जगणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचतील, तेव्हाच 'सर्वांसाठी घरे' या उद्दिष्टाची खरी परीक्षा होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भारतातील नागरी घरटंचाई ही प्रामुख्याने दाटीची समस्या आहे, हे विधान स्पष्ट करा.

२. कर्जसंलग्न अनुदान (२०१५) आणि व्याज अनुदान (२०२४) यांच्यातील फरक वर्तमान मूल्याच्या संकल्पनेच्या आधारे सांगा.

३. अनियमित उत्पन्न असणाऱ्या कुटुंबासाठी आवर्ती ठेव व सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांची तुलना करा.

४. राष्ट्रीय अल्पबचत निधीचे स्वरूप व उपयोग यांवर टीप लिहा.

५. 'व्याजदर कमी करण्यापेक्षा मालकी हक्क निश्चित करणे अधिक महत्त्वाचे आहे.' जुन्या शहरांतील गृहनिर्माणाच्या संदर्भात चर्चा करा.